ओल्या वेतावर बसू नये

१

रोज सकाळी वेतवाल्याची तीन कामं ठरलेली होती. बायकोचं तोंड धुवायचं, उशांचा आधार देऊन तिला चहा पाजायचा आणि पलंगासमोरची वेताची खुर्ची पुसायची. मग तो जिना उतरून खालच्या दुकानात जायचा आणि लोकांच्या खुर्च्या विणत बसायचा.

पलंगासमोरची खुर्ची मात्र नुसती पुसायचीच. तिच्यावर बसायची परवानगी कुणालाच नव्हती. वेतवाला स्वतः स्टुलावर बसायचा, डॉक्टर उभ्याउभ्या तपासायचे, लेक आली की आईच्या पायाशी पलंगावर टेकायची. शेजारीण एकदा बोलता बोलता बसायला गेली, तेव्हा पलंगावरून असा आवाज आला की ती बिचारी अर्धवट वाकलेली तशीच राहिली.

"तिथं नको," बायको म्हणाली. "तिथं साहेब बसतात."

शेजारणीनं त्यानंतर येणं जरा कमीच केलं.

बायको एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. कोर्टात न्यायाधीशाला साहेब म्हणतात, तोच शब्द तिच्या तोंडी बसलेला. पण हे साहेब त्या सगळ्या साहेबांच्या वरचे होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या कमरेतून एक कळ निघाली, घोट्यापर्यंत गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. फोटो काढून झाले, रक्त तपासून झालं, आणि सगळे अहवाल धुतल्या तांदळासारखे. "काही दिसत नाही," हे एकच वाक्य पाच डॉक्टरांनी पाच तऱ्हांनी सांगितलं. न दिसणाऱ्या त्या दुखण्यानं तिला उभं राहणं सोडायला लावलं, मग बसणं, मग कूस बदलणं. डावा पाय पोटाशी ओढून ती पडून असायची.

"माझ्याकडून कुणाचं काही वाकडं झालेलं नाही," ती म्हणायची. "म्हणजे कुठंतरी कागद चुकलाय. खालच्या कोर्टात चुका होतात हो, मी स्वतः टाइप केल्यात. वरच्या कोर्टात होत नाहीत. दाद मागितलीय मी. सुनावणी चालू आहे."

वेतवाल्याचं देवाशी आधी वाकडं नव्हतं आणि येणंजाणंही नव्हतं. गेल्या दोन वर्षांत मात्र वाकडं झालं होतं. पण आजारी माणसाशी वाद कोण घालणार? तो हूं म्हणायचा आणि खुर्ची पुसायचा.

त्या मंगळवारी पुसताना फडकं खाली पडलं. ते उचलायला वाकला आणि तोल सावरायला त्यानं खुर्चीच्या बैठकीवर तळहात टेकला. हात हवा त्यापेक्षा बोटभर खाली गेला. वेत बसलेला होता.

२

वेत आपोआप बसत नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं, वेतवाल्याला नाही. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. वेत आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे तो मऊ होतो. मऊ असताना विणतात. सुकला की तो आवळतो आणि बैठक ढोलकीसारखी ताठ होते. त्यावर माणसं वर्षानुवर्षं बसली की मगच ती खाली येते. गिऱ्हाइकाच्या हाती खुर्ची देताना तो एकच ताकीद द्यायचा, "चोवीस तास थांबा. ओल्या वेतावर बसू नये. बसलात तर तुमचा ठसा जन्मभर राहील."

त्यामुळे खुर्ची बघून तो माणूस ओळखायचा. कुणाची बैठक पुढच्या कडेला खचलेली असली की समजायचं, हा माणूस नोकरी जाण्याच्या भीतीनं बसतो. एका अतिशय कडक मुख्याध्यापकांची खुर्ची मधोमध दोन ठिकाणी दबलेली निघाली होती. म्हणजे दार लावून मांडी घालून बसतात स्वारी! माणूस थाप मारेल, खुर्ची मारत नाही, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

एक गोष्ट मात्र तो कुणालाच सांगत नसे. चार वर्षांपूर्वी कोर्टाच्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या होत्या. त्यांत बायकोचीही होती, पाठीवर तिनं बांधलेली रिबीन होती म्हणून ओळखली. उजवी बाजू वाटीसारखी खोल गेली होती. डावीकडचा वेत मात्र कोरा, काल विणल्यासारखा. एवढी वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर बसणारी बाई डावं अंग उचलून धरून दिवस काढत होती. वेतवाल्यानं त्या खड्ड्यावर हात ठेवला. पूर्ण तळहात त्यात मावला. मग तो मनाशी म्हणाला, उजवीकडे कागद ठेवत असेल, कललेली असेल, टायपिस्ट लोकांची सवय. आणि नवा वेत भरून, चांगला ताठ विणून खुर्ची परत पाठवली.

"तुमची नवी वीण टोचते हो जरा," ती आठवड्यानं हसत म्हणाली होती. तोही हसला होता.

ती निवृत्त झाली तेव्हा लोकांनी घड्याळ देऊ केलं. तिनं घड्याळ नको म्हटलं आणि कोर्टाच्या अडगळीतली एक मोडकी खुर्ची मागून घेतली. ती न्यायाधीशांची नव्हती, वकिलांचीही नव्हती. कोर्टात भिंतीपाशी मांडलेली असायची एवढंच लोकांना आठवत होतं. तिच्यावर बसलेलं कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. वेतवाल्यानं नव्यानं ताठ विणून दिलेली, तीच ही पलंगासमोरची खुर्ची.

३

लेक दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. बुधवारी तिचा फोन आला.

"बाबा, खाट मिळालीय. तिथले डॉक्टर नव्यानं सगळं बघणार आहेत. शनिवारी चारपर्यंत मी गाडी घेऊन येते. ही खाट गेली तर पुन्हा सहा महिने नाही मिळायची. आणि आईला सहा महिने..."

"आई तयार नाही," तो म्हणाला.

"तयार करा. तुमच्याशिवाय कोण करणार?"

तो वर आला. दुपारचे तीन वाजले होते. पडद्यातून येणारं पिवळट ऊन पलंगावर आणि खुर्चीच्या पायांवर पसरलं होतं. या वेळी खोलीत नेहमी एक गुंगी असायची, पाण्याखाली बोलल्यासारखे आवाज यायचे. बायकोचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं पांघरुणावर हलत होती. थरथर नव्हती ती. टकटक, टकटक, एक ओळ संपली की डावा हात उचलून बाजूला सरकवायची. ती टाइप करत होती. मध्येच थांबायची, मान किंचित खुर्चीकडे वळवायची, आणि पुन्हा सुरू.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"शू... साक्षी चालल्यात."

"अगं, शनिवारी पोरगी येतेय. गाडी घेऊन."

"येऊ दे की. पण सुनावणी अर्धवट टाकून मी जायची नाही."

"दोन वर्षं झाली तुझ्या सुनावणीला."

"दोन वर्षं म्हणजे काय?" ती डोळे न उघडता हसली. "आमच्याकडे एका भिंतीचा खटला एकोणीस वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा भिंतच पडलेली. पण लागला." मग खुर्चीकडे मान वळवून म्हणाली, "साक्षीदार हजर राहत नाही, म्हणून तारीख पडते. तो येऊन बोलला की मी मोकळी. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

"कोण साक्षीदार?"

"समन्स गेलंय त्याला," बायको म्हणाली, आणि तिची बोटं पुन्हा चालू झाली.

४

त्यानं खुर्ची खाली नेली आणि रात्र पडायच्या आत नवी विणून टाकली. "उद्या सुनावणीच्या आत आणा," एवढंच बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुकलेली, टणटणीत खुर्ची त्यानं वर नेऊन ठेवली, बोटानं वाजवूनही बघितली. शुक्रवारी सकाळी हात ठेवला तर बोटभर खाली.

वेतवाला हिशेबी डोक्याचा माणूस होता. तो दुकानात बसला आणि एकेक शक्यता काढत गेला. मांजर? मांजराच्या वजनानं वेत दबतसुद्धा नाही. हवेतला ओलावा? मग दुकानातल्या बावीस खुर्च्यांना तो का नाही लागला? वेताची मोळी कच्ची असेल? त्याच मोळीतली शिंप्याची खुर्ची ताठ उभी होती. राहता राहिली बायको. तिला पाणी प्यायला मान उचलायची तरी त्याचा हात लागायचा. त्याला एकदम मनापासून भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला.

दुकानाचं छत म्हणजे वरच्या खोलीची लाकडी जमीन. त्या दुपारी त्यानं हातातलं काम थांबवलं आणि ऐकत राहिला. बायकोचं पुटपुटणं. मग शांतता, कुणाचं तरी उत्तर ऐकून घ्यावं एवढी. मग करकर. चाळीस वर्षांच्या ओळखीचा आवाज होता तो. माणूस एका कुल्ल्यावरचा भार सावरून घेतो तेव्हा वेत असा करकरतो. तो धावत जिना चढला. खुर्ची होती तिथंच होती. ऊन होतं. बायको झोपली होती.

पण पुढं आणखी एक विचार त्याच्या डोक्यात आला, आणि तो वेतवाल्यालाच सुचण्यासारखा होता. ओल्या वेतावर बसणाऱ्याचा ठसा जन्मभर राहतो. मग भिजवू या की खुर्ची! कुणी नसेल तर गाडी येईपर्यंत वेत उन्हात आवळून ताठ व्हायला लागेल. ती ताठ बैठक बायकोच्या हाताला लावून दाखवायची. बघ, कुणी नाही, कुणी नव्हतं, चल आता गाडीत. दुष्टपणा होता तो, हे त्याला कळत होतं. दोन वर्षं ती ज्या एका आधारावर तग धरून होती, तोच तो काढून घेणार होता. पण खाट गेली तर बायको जाईल. यात निवड कसली करायची?

५

शनिवारी जेवणं झाल्यावर त्यानं ओल्या फडक्यांनी बैठक वरून-खालून भिजवली. वेत मऊ होऊन काळपट दिसायला लागला. बायकोचं पांघरूण त्यानं चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलं.

"आज पाण्यानं पुसताय?" तिनं विचारलं.

"धूळ फार बसते," तो म्हणाला आणि खाली आला.

अडीच वाजले. वर टकटक सुरू झाली. आज ती नेहमीपेक्षा संथ होती, आणि ऐकता ऐकता वेतवाल्याचे डोळे जड झाले. दुकानात उभ्या केलेल्या रिकाम्या खुर्च्यांच्या जाळीतून ऊन खाली पडलं होतं, आणि जमिनीवर षटकोनांची नक्षी हळूहळू सरकत होती. त्याला वाटलं, या सगळ्या खुर्च्या आपल्याकडेच तोंड करून मांडल्यात. सकाळी तर तशा नव्हत्या. मग वरून तो आवाज आला. आज करकर नव्हती, ओला वेत करकरत नाही. एक लांब, दमलेला उसासा होता, कुणीतरी दिवसभर उभं राहून शेवटी टेकावं तसा.

तो उठला नाही. साडेतीनच्या सुमाराला टकटक थांबली, तेव्हा कठडा धरून तो वर गेला.

आधी त्यानं बायकोचं पांघरूण बघितलं. चारी बाजूंनी त्यानं खोचलं तसंच. मग नाइलाजानं खुर्चीकडे बघितलं.

बैठक खचली होती. वेत अर्धवट सुकून आकार धरत होता, आणि तो आकार वाचता न येणं त्याच्या हातात नव्हतं. बसणारा पुढच्या कडेला आला होता, पलंगाकडे झुकून, एक शब्द सुटू नये म्हणून माणूस झुकतो तसा. खड्डा मोठा होता. वेतवाल्यानं दोन्ही तळहात बोटं फाकवून त्यात ठेवले, तरी भरला नाही. एवढ्या मोठ्या अंगाचं कुणी या खोलीच्या दारातून आत येऊच शकलं नसतं.

आणि सगळा खड्डा उजवीकडे होता. डावी बाजू कोरी होती.

६

तो स्टुलावर बसला. दोन वर्षं त्यानं मनात एक प्रश्न धार लावून ठेवला होता. कधी समोर सापडलात तर विचारीन, हिचा गुन्हा काय? पण आता समोर ती कोरी डावी बाजू होती. तशीच ती त्यानं पूर्वी एकदा बघितली होती, दुकानात, भर उजेडात. समन्स कुणाच्या नावानं निघालं होतं ते त्याला समजलं.

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी."

पांघरुणावर बायकोची बोटं हलली. टकटक.

"हिची खुर्ची माझ्या हातात आली होती. डावीकडे वेत कोरा होता. दुखणाऱ्या माणसाची बैठक होती ती, आंधळ्यालासुद्धा कळली असती. मी सवय म्हणालो. घरी येऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर काही करावं लागलं असतं." त्याला रडू यायला लागलं आणि त्यानं ते येऊ दिलं. "वर ताठ विणून दिली. हिला टोचली, तेव्हा हसलो."

बोटांनी शेवटचे शब्द घेतले, डावा हात सरकला, ओळ संपली. मग ती पांघरुणावर नुसतीच टेकून राहिली, पुढच्या वाक्याची वाट बघत. बायकोचे डोळे मिटलेले होते. श्वास झोपेचा होता.

आता तो प्रश्न विचारायची वेळ होती. हिचा गुन्हा काय? त्यानं तोंड उघडलं. नजर पुन्हा त्या डाव्या बाजूकडे गेली, आणि बाहेर पडलं ते निराळंच.

"तुम्हाला कधीपासून दुखतंय?"

खोलीत काहीच झालं नाही. पडदा हलला नाही, ऊन होतं तिथंच राहिलं. मग त्याच्या डोळ्यांदेखत बैठकीचा डावा भाग खाली जायला लागला. अगदी हळू, भीत भीत. इतका काळ उचलून धरलेलं अंग कुणीतरी आता खाली सोडत होतं. वेताची एकेक दोरी ताणली गेली, सरकली, आणि शेवटी दोन्ही बाजू एका पातळीला आल्या.

बायकोची बोटं भराभर चालायला लागली. उत्तर मोठं होतं. वेतवाल्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. टकटक तेवढी ऐकू येत होती, ओळीमागून ओळ, आणि त्या आवाजात त्याला पेंग आल्यासारखं झालं, की ती पेंग नव्हती कुणास ठाऊक. कधीतरी बोटं थांबली. बायकोनं झोपेतच एक सुस्कारा टाकला आणि पोटाशी ओढलेला डावा पाय पांघरुणाखाली सरळ केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पांघरूण संथपणे वर-खाली होत होतं.

खाली गाडी थांबली. दोनदा घंटी वाजली.

तो उठायला गेला. डाव्या कमरेतून एक कळ निघाली आणि सरळ घोट्यापर्यंत गेली. तो पुन्हा स्टुलावर टेकला, आणि भार त्यानं न ठरवताच उजवीकडे घेतला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. भीती वाटली, पण तिच्या खाली कुठंतरी एक जुनं ओझं उतरल्यासारखंही वाटलं, आणि यातलं खरं कोणतं ते त्याला ठरवता येईना.

"वर ये," त्यानं हाक दिली. "दार उघडंच आहे."

जिन्यावर लेकीची पावलं वाजली. ती दारात आली, पलंगाकडे बघून थबकली, आईचा सरळ झालेला पाय बघून तिचा हात तोंडावर गेला. मग तिनं वळून बापाकडे बघितलं. परिचारिकेचीच नजर ती, क्षणभरसुद्धा वेळ लागला नाही.

"बाबा, असे का बसलात? कधीपासून दुखतंय?"

वेतवाल्यानं मान वर केली. हा प्रश्न इतका सोपा होता.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी बस जरा. पण तिथं नको. वेत अजून ओला आहे."